धार कुणी लावली

दिगू, काल तुझ्या तेराव्याला जेवलो. मला पहिल्याच पंगतीत बसवलं, तुझ्या सख्ख्या भावाच्या शेजारी. मंगलवहिनींनी नको नको म्हणताना दुसऱ्यांदा भात वाढला. जेवणं उरकल्यावर माणसं तुझ्याविषयी बोलायला लागली. आयटीआयमधला तुझा एक जुना विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सरांनी आयुष्यात कुणाला दगा दिला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग तुझा भाऊ माझ्याकडं वळला, "युसूफभाई, तुमी बोला दोन शब्द. तुमच्याइतकं जवळचं कोण हाय?" मी घशाकडं बोट दाखवलं, आवाज बसलाय म्हणून.

आवाज काही बसला नव्हता. तिथं बोललो असतो तर तुझ्या तेराव्याचं जेवण लोकांच्या घशाखाली उतरलं नसतं, म्हणून गप्प बसलो. तुझ्यासाठी गप्प बसायची मला सवय झाली आहे. पण ते शब्द आत राहिले तर माझ्याच घशात अडकतील, म्हणून आज लिहितोय. तुला उद्देशून लिहितोय, कारण उत्तर तुझ्याकडूनच हवं होतं.

उमापूरच्या शाळेत सहावीत असताना तू करवतीच्या तुटक्या पात्यापासून एक सुरी घासून काढली होतीस. मी तिच्या बुडाला सुतळी गुंडाळून मूठ केली. पेन्सिलीला टोक काढायला ती आख्ख्या वर्गात फिरली, मग गुरुजींनी जप्त केली आणि आपल्या दोघांना एकाच छडीनं मारलं. तू मला म्हणालास, "पातं माझं, मूठ तुझी, मार दोघांचा." पुढं तू आयटीआयला फिटर झालास आणि तिथंच शिकवायला लागलास. मी वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलो आणि बीडमध्ये फर्निचरचं दुकान टाकलं. बरीच वर्षं आपण लग्नाकार्यातच भेटायचो.

मग तुझ्या पुतण्याचं लग्न निघालं. नवरदेवाच्या हातात द्यायला मांडववाल्यानं पत्र्याची कट्यार आणली होती. टोकाला लिंबू खोचलं तर टोकच वाकलं. सगळे हसले, तू मात्र हसला नाहीस. आठ दिवसांनी तू माझ्या दुकानात आलास, पोत्यात गुंडाळलेला ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा समोर ठेवलास आणि म्हणालास, "युसप्या, हे असलं पोलाद गंजत पडलंय आन् आपली पोरं पत्र्याची कट्यार घेऊन बोहल्यावर चढत्यात. मूठ करतो का बे?"

मी केली. शिसवीची, पितळेच्या बारीक तारा बसवून. पातं तू तापवलंस, ठोकलंस, कानशीनं घासलंस, लाल करून तेलात बुडवून पाणी दिलंस. त्या पहिल्या कट्यारीचं पातं जरा डावीकडं कललं होतं आणि माझ्या मुठीत एक तार उचकटलेली होती, पण ती पाहून तुझ्या भावाच्या व्याह्यानं दुसरी मागितली, आणि मग थांबलंच नाही. तुझ्या बीडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी आली, ऐरण आली. पुण्याहून, नांदेडहून माणसं यायला लागली. कुणाला कट्यार, कुणाला बिचवा, कुणाला भिंतीवर लावायला जंबिया.

त्यांच्याशी बोलायचं काम माझं. माणूस आला की मी आधी त्याचा पंजा कागदावर ठेवायचो आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढायचो. तू म्हणायचास, ही काय पोरांची चित्रकला. पण त्याच रेघेवरून मला मुठीची जाडी कळायची. मग मी चित्र काढायचो, माणसाला दाखवायचो, पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याच्या हातात द्यायचो. एक रिटायर फौजी पुठ्ठ्याचा बिचवा हातात धरून पाच मिनिटं डोळे मिटून बसला होता, आठवतं? गेल्यावर तू म्हणालास, "त्याला आता पुठ्ठ्याचाच दे. लोखंडाचा याच्याहून बरा कुठून व्हनार?" माझ्या कामाची तू केलेली तेवढीच स्तुती. ती मी जपून ठेवली आहे. आजही, एवढं सगळं होऊन.

आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, माणूस हत्यार मुठीनं ओळखतो, हातात तीच येते. तू म्हणायचास, "मुठीनं लिंबू तरी कापतं का?" मी म्हणायचो, आपल्या पात्यानंही कापत नाही. त्यावर तू भट्टीकडं वळायचास. तेव्हा मला वाटायचं मी जिंकलो. तू भट्टीकडं का वळायचास, हे मला आता कळलंय.

आपली एकच अट होती. ती मी घातली होती, अगदी पहिल्या वर्षी. माळीवेशीपासून चालत येताना मी तुला मध्येच थांबवलं होतं. मी म्हणालो, "दिग्या, एक सांगतो, राग मानू नको. आपल्या एकाबी पात्याला धार नको. टोक ठेव, लिंबाला टोक पुरतं. पन धार न्हाई."

"कावून?"

"उद्या कुनाच्या भांडनात आपलं पातं निघालं तर लोक आधी कुनाच्या दारात येतील? तुज्या का माज्या?"

तू माझ्याकडं बघत राहिलास. त्याआधी तुझ्या डोक्यात हा विचार कधी आलाच नव्हता, आणि त्याचा मला आनंदच झाला होता. माझ्याकडं बघताना ज्याला आधी माझं नाव आठवत नाही, असे मित्र मला फार नव्हते. मग तू गळ्याला हात लावलास. "आईची शपथ युसप्या. धार न्हाई." तुझी आई तेव्हा जिवंत होती. तिच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली होती, म्हणून त्या शपथेचं वजन मला ठाऊक होतं.

अठरा वर्षं मी त्या शपथेवर झोपलो. आपली प्रत्येक वस्तू देताना मी गिऱ्हाइकासमोर पातं तळहातावरून फिरवून दाखवायचो. लोकांना गंमत वाटायची. ही आपल्या दुकानाची रीतच झाली.

नेकनूरचे विलासराव माघात आले, धाकट्या भावाच्या लग्नासाठी कट्यार सांगायला. सोबत त्यांची दहा वर्षांची वैष्णवी होती. ती करवली होणार होती. करवलीला नवरदेवाच्या मागं उभं राहावं लागतं, कधी कधी कट्यार सांभाळावी लागते, हे तिनंच मला सांगितलं, मला जणू माहीतच नव्हतं. मुठीवर काय कोरू, असं मी विचारलं. विलासराव म्हणाले, कमळ. ती म्हणाली, सीताफळ. मी सीताफळ कोरलं. त्याचे डोळे डोळे पितळेत उठवायला मला नऊ दिवस लागले, आणि अठरा वर्षांत मी त्याहून चांगलं काम केलेलं नाही.

पातंही तसंच उतरलं होतं. पाणी देऊन बाहेर काढल्यावर तू नुसतं उजेडाकडं धरून बघत होतास. मी मूठ बसवली, म्यानाला आतून मखमल लावली. विलासराव बघायला आले तेव्हा मी नेहमीसारखं पातं तळहातावरून ओढलं. वैष्णवीनं हात पुढं केला, तिच्याही तळहातावरून ओढलं. तिला गुदगुल्या झाल्या. विलासरावांना मी माझ्या तोंडानं सांगितलं, "लेकराच्या हातात दिली तरी चालंल." तू शेजारी उभा होतास. तू म्हणालास, "शेवटचं पॉलिश ऱ्हायलंय. दोन दिसांनी मीच आनून देतो."

तू नेऊन दिलीस. मी पुन्हा पाहिली नाही. तुझ्या हातून आलेली वस्तू मी कशाला तपासू?

वैशाखातल्या त्या दुपारी आपण दोघं नेकनूरच्या मांडवात होतो. नवरदेव पाय धुवायला बसला आणि कट्यार करवलीच्या हातात आली. लिंबू गळून पडलं, ते उचलायला पोर वाकली, म्यान नसलेली कट्यार हातातून निसटली आणि तिनं ती पात्यालाच धरली. कुठलंही लेकरू असंच धरतं. आधी ती ओरडलीसुद्धा नाही. तिनं मूठ उघडून बघितली आणि मग बायकांचा आरडाओरडा झाला. दोन बोटं आतून पार कापली होती. पिवळ्या परकरावर सगळं रक्त.

मी धावत गेलो. कट्यार उचलली, आणि सवयीनं अंगठा पात्यावरून फिरवला. अंगठा कापला. दिगू, तो क्षण मी तुला कसा सांगू? रक्त यायच्याही आधी मला कळलं होतं, ही धार कुणाची आहे. माझ्या तळहातावरून गेल्यानंतर ते पातं फक्त तुझ्याच हातात होतं.

माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "कुनी केली ही?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. कट्यार माझ्याच हातात होती. कामाचं बोलणं माझ्याशी झालं होतं. 'लेकराच्या हातात दिली तरी चालंल' हे मीच बोललो होतो. एका तरुणानं माझी कॉलर धरली. "धार न्हाई म्हनला व्हतास ना? मंग ही काय हाय?"

मी तुला शोधलं. तू चार पावलांवर होतास, तुझ्या हातात पानाचा विडा होता. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू माझ्याकडं बघितलंस, हे तू नाकारू शकणार नाहीस. मी वाट बघितली. एक वाक्य हवं होतं: धार मी लावली. तू तिथल्या सगळ्यांचा सर होतास, निम्म्या पोरांना तू शिकवलं होतंस. तुझ्या कॉलरला कुणी हात लावला नसता.

तू पुढं आलास. त्या पोराचा हात माझ्या कॉलरवरून काढलास. आणि म्हणालास, "जाऊ द्या रे. चूक झाली त्याच्याकडून. माफ करा त्याला."

त्याच्याकडून.

मग मीही तेच बोललो. "हो, माज्याकडून चूक झाली." दुसरं काय बोलणार होतो? त्या घोळक्यात उभं राहून तुझ्याकडं बोट दाखवायचं? माझं कुणी ऐकलं असतं? आणि ऐकलं असतं तरी तुझी मान तिथं खाली गेलेली मला बघवली नसती. मूर्खपणा बघ माझा, कॉलर माझी धरलेली आणि काळजी तुझ्या मानेची. शेवटी विलासरावांनीच सगळ्यांना बाजूला केलं, "आधी पोरीला दवाखान्यात न्या, बाकी मागून." गाडी बीडकडं गेली. आपण दोघं बसनं परतलो, एकाच बाकावर बसून, आणि पूर्ण रस्ताभर तू खिडकीबाहेर बघत होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आलो. तू भट्टी पेटवली नव्हतीस. स्टुलावर बसला होतास.

"कावून लावलीस?" मी विचारलं.

"असं पानी आयुष्यात एकदाच बसतं, युसप्या. ते पातं बोथट ठिवायचं म्हंजी..." तू हात हलवलास. "मला न्हाई जमलं. बोथट पातं देताना दर टायमाला मला वाटतं, मी लोकायला चमचे करून देतोय."

"अठरा वर्षं चमचे दिलेस?"

"दिले. तुज्यासाठी दिले. ही एकच. आईशपथ, एकच."

"आन् तिथं? मांडवात कावून बोलला न्हाईस?"

तू विझलेल्या भट्टीकडं वळून बसलास. मग म्हणालास, "तू कबूल केलंसच ना. मंग मी बोलून काय व्हनार व्हतं?"

मी आधी कबूल केलं नव्हतं, दिगू. आधी तू बोललास. आपण दोघांनी एकच गोष्ट बघितली होती, आणि एका रात्रीत तुझ्याकडं तिचा क्रम बदलला होता. मला वाटतं तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच तसंच आठवत होतं. तेच मला सहन झालं नाही. मी माझी पेन्सिल, कोरणी, तारेचं भेंडोळं उचललं आणि निघालो. तू थांब म्हणाला नाहीस.

त्यानंतर तीन महिने. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. एकदा एसटी स्टँडवर तू रसाच्या गाड्यापाशी उभा होतास, मी पलीकडच्या फलाटावर गेलो. घरी तुझी वहिनी नसीम म्हणायची, "जाके मिल लो जी, आपस की बात है." मी म्हणायचो, तो येईल. तो येऊन एकदा म्हणेल की चुकलो, मग बघू. मला वाटायचं तू धीर गोळा करतोयस. माणसाला वेळ लागतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला जास्त लागतो. मी वाट बघायला तयार होतो, आपल्याकडं वर्षं आहेत असं धरून चाललो होतो.

श्रावणात मंगलवहिनींचा फोन आला. तुझ्या छातीच्या दुखण्याचं मला काहीच माहीत नव्हतं. मी पोहोचलो तेव्हा तू ओसरीवर होतास आणि तुझ्या अंगठ्याच्या नखात भट्टीची काळी रेघ तशीच होती. तुला गावी उमापूरला नेलं, तिथं मी खांदा दिला. उमापूरच्या ओढ्यापर्यंत मी बाजूला झालो नाही, कुणी बदलायला आलं तरी नाही. रडलोही. मी तुझ्यावर चिडलेलो असताना तू मेलास, याचा राग रडण्यातून जातो का बघत होतो. गेला नाही.

वहिनींनी त्या दिवशी मला विचारलं, "युसूफभावजी, तीन महिने आला न्हाईत. काय झालं व्हतं तुमा दोघायचं?" मी म्हणालो, दुकानात काम लई होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. काल तेरावा झाल्यावर त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमचंच हाय सगळं. तुमीच बगा."

शेडमध्ये मी माझी वही घेतली, ज्या वहीत पंजे आहेत. प्रत्येक पानावर एक हात, खाली नाव, फोन नंबर. मला फक्त खात्री करायची होती, दिगू. तू एकच म्हणाला होतास, शपथ घेतली होतीस. मला ती शपथ खरी करून घ्यायची होती, म्हणजे तुला निदान तेवढ्यापुरतं तरी खरं धरता आलं असतं. म्हणून फोन लावायला बसलो. ज्यांचे लागले त्यांना सांगितलं, पात्यावर वर्तमानपत्राचा कागद धरून बघा, कापतो का. घरातल्या लेकरांना हात लावू देऊ नका.

बहुतेकांचं कापलं नाही. चौघांचं कापलं.

त्यातला एक तो फौजी. तो हसला. म्हणाला, "सरांनी मागून येऊन लावून दिली ना. म्हणाले, असं पाणी आयुष्यात एकदाच बसतं." पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, त्यांनाही तू हेच सांगितलं होतंस, अगदी याच शब्दांत. आणि बीडच्या कोर्टातल्या एक वकीलबाई आहेत, टेबलावर ठेवायला ज्यांनी छोटा जंबिया करून घेतला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं? ते म्हणाले होते, युसूफला बोलू नका, तो उगं घाबरतो."

उगं घाबरतो. माळीवेशीपासून चालत येताना मी तुला जे सांगितलं होतं, ते तुझ्याजवळ अठरा वर्षं या दोन शब्दांत जमा होतं. दिगू, मी घाबरायचोच. कुठं काही झालं, बाजारात गलका झाला, पेपरात कुणी कुणाला भोसकल्याची बातमी आली की मी आधी हत्याराचं वर्णन वाचायचो. मग मला तुझी शपथ आठवायची आणि मी शांतपणे चहा प्यायचो. त्या वेळी आपली चार-पाच धारदार पाती लोकांच्या घरात होती आणि त्यांच्या मुठींवर माझी नक्षी होती. कुणी ती नक्षी घेऊन कुणाच्या दारात गेलं असतं? तुझ्या?

वकीलबाईंचा जंबिया आज सकाळी मी घेऊन आलो. तुझ्या सहाणेवर त्याची धार घालवायला बसलो. आधी मी ती धार नीट पाहिली. तुझ्यावर एवढा चिडलेलो असताना मी हे लिहितोय, म्हणून यावर विश्वास ठेव: तितकी देखणी गोष्ट मी हातात धरलेली नाही. टोकापासून मुठीपर्यंत एक रेघ, कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही, जणू पात्याला ती आधीपासूनच होती आणि तू फक्त वरचं पोलाद काढून टाकलंस. अठरा वर्षं तू ही विद्या माझ्यापासून लपवलीस, आणि मी अठरा वर्षं तुला ती लपवायला लावली, हेही खरं आहे. तू मला तेव्हाच भांडून म्हणाला असतास की मला हे जमणार नाही, युसप्या, तर मी मूठ करायचं सोडून दिलं असतं. आपण नुसते मित्र राहिलो असतो. तुला मित्रही हवा होता आणि धारही हवी होती, आणि दोन्ही मिळवायचा रस्ता तू काढलास.

मी ती धार घासून बोथट केली. 

मग मी नेकनूरला गेलो. हे मला तीन महिने आधीच करायचं होतं, पण दर वेळी वाटायचं, आधी तू जायला हवंस. विलासराव ओट्यावर होते. त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, चहा सांगितला. वैष्णवी आतून आली. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. पेन ती आता मधल्या बोटांत धरते. अक्षर बिघडलं म्हणून शाळेत बोलणी बसली, हे तिनं हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

"दिगंबर सर गेल्याचं कळलं," विलासराव म्हणाले. "वाईट झालं. लई मोठ्या मनाचा मानूस."

मी विचारलं, "ते आलते का कवा इकडं? त्या दिसानंतर?"

खरं सांगतो, मला 'हो' ऐकायचं होतं.

"आलते ना," विलासराव म्हणाले. "दोनदा आलते. पोरीला खाऊ घेऊन आले. इथंच बसले व्हते. म्हनले, युसूफवर राग धरू नका. गरीब मानूस हाय, हातून चूक झाली. पुन्हा व्हनार न्हाई याची मी हमी घेतो."

चहा आला होता. मी कप खाली ठेवला. माझी हमी तू घेतलीस, दिगू. तीन महिने मी तुझ्या माफीची वाट बघत होतो, आणि तू इथं येऊन मला माफी मिळवून देत होतास.

तेवढ्यात त्या पोरीनंच विचारलं. मोठ्यांना विचारता येत नाही तसं, सरळ. "काका, धार तुमी लावली व्हती का?"

मी येताना ठरवलं नव्हतं. मेलेल्या माणसावर बोलायला मला आवडत नाही, आणि तू काही परका नव्हतास. पण तिच्या हाताकडं बघून मला खोटं बोलता आलं नाही. "न्हाई बेटा," मी म्हणालो. "दिगंबर सरांनी लावली. मला म्हाईत नव्हतं. पन मी न बघता जाऊ दिली, ती चूक माजी."

 विलासरावांची मुद्रा कठीण झाली. "मानूस गेल्यावर असं बोलू नये, युसूफभाई," ते हळूच म्हणाले. मी मान हलवली आणि उठलो. ते विश्वास ठेवणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि का ठेवावा? तू त्यांच्याकडं आधी पोहोचला होतास.

पण फाट्यापर्यंत ते सोबत आले.  बस यायला वेळ होता. कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिलो आणि मग त्यांनी विचारलं, "खरं असंल तर, त्या दिवशी मांडवात कावून सांगितलं न्हाईत? तुमची कॉलर धरली व्हती लोकायनी."

"मला वाटलं, तो सांगंल," मी म्हणालो.

  बस आली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. विश्वास बसला म्हणून, की दया आली म्हणून, हे मी विचारलं नाही. "येत जा," एवढंच ते म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर मी ते सगळं पुन्हा मोजून पाहिलं. बीडहून नेकनूरला जायचं, ओट्यावर बसायचं, पोरीच्या हाताकडं बघायचं आणि एक वाक्य बोलायचं. माझ्यानं झालं. तुझ्यानंही झालं असतं, तुझ्यात माझ्याहून जास्त धाडस होतं. रस्ता तुला माहीत होता, दिगू. तू दोनदा गेलास, आणि दोन्ही वेळा माझंच नाव सांगून परत आलास.